घरचाच कागद घरच्या गोष्टीविरुद्ध गेला तर काय छापायचं?

नीरथडी

नमस्कार मंडळी. इथल्या जुन्या धाग्यांवर बरंच वाचलंय, पण स्वतःहून धागा काढायची वेळ पहिल्यांदाच आली.

आमचं गाव नीरेच्या खोऱ्यात. ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार पूर्ण होतोय, आणि त्या निमित्ताने निघणाऱ्या स्मरणिकेतलं 'गावाचा इतिहास' हे प्रकरण माझ्याकडे आलं. आमचं घर पाटलाचं. लहानपणापासून ऐकत आलोय की आमच्या मूळपुरुषाने लढाईत पराक्रम केला आणि महाराजांनी त्याला गावची पाटीलकी दिली. वेशीवरच्या फलकावर तेच आहे, लग्नपत्रिकांत तेच छापलं जातं, आजोबा गेले तेव्हा श्रद्धांजलीच्या भाषणातही तेच होतं.

गेल्या वर्षी मी मोडीचा वर्ग केला. मग माडीवरच्या पेटीतला रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, सोडला. त्यात बहुतेक सारापट्ट्या आणि देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या आहेत. एक लांब कागद मात्र खरेदीखताचा निघाला. शके १६९७ मन्मथनाम संवत्सर, कार्तिक शुद्ध दशमी, सन सीत सबैन मया व अलफ. मजकूर असा, की गावातल्या दुसऱ्या एका घराण्यावर सावकाराचं कर्ज झालं, सरकारचा वसूलही थकला, म्हणून त्यांनी आपल्या पाटीलकीची निम्मी तक्षीम, म्हणजे निम्मा वाटा, आमच्या पूर्वजाला विकत दिली. मानपान एकेक करून लिहिलेत : होळीची पोळी, पोळ्याचा बैल, दसऱ्याचा आपटा, पानविडा. आणि स्पष्ट म्हटलंय की वडीलपण विकणाऱ्यांकडे राहील. पहिला मान त्यांचा, त्यांच्यामागून आमचा.

ते घर आजही गावात आहे. दोन खोल्या, थोडी कोरडवाहू जमीन. पोळ्याला पहिला बैल आमचा जातो. त्यांचा कितवा जातो हे मला आजवर कधी बघावंसंही वाटलं नव्हतं.

स्मरणिका समितीत माझे चुलतेच आहेत, आबा. त्यांना कागद वाचून दाखवला. ऐकून ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "खरं असेल, पण स्मरणिका आनंदाची आहे. हे गाळ." आबांबद्दल मला आदर आहे, त्यांना दुखवायचं नाही. पण हे गाळून मी लिहिलेल्याला 'इतिहास' कसं म्हणू? तुमचं मत हवंय.

रुमाल_आणि_दौत

तुम्ही तारीख पूर्ण दिलीत हे फार चांगलं केलं, कारण तपासणी तिथूनच सुरू होते. शके १६९७ ला मन्मथ संवत्सर येतं, बरोबर. सीत सबैन मया व अलफ म्हणजे सुहूर सन ११७६ (जुन्या कागदांतली, अरबी शब्दांत लिहायची कालगणना). हा सन मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, पुढे ६००. म्हणजे १७७५, आणि कार्तिक त्यातच पडतो. शक, संवत्सर आणि सुहूर तिन्ही जुळतात. वतनाच्या भांडणासाठी मागाहून बनवलेले कागद पुष्कळ आहेत, आणि तिथे बनवणाऱ्याचा हात बहुधा इथेच चुकतो. कुठे संवत्सर एक वर्ष पुढे गेलेलं असतं, कुठे १६७४ च्या आधीच्या पत्रावर राज्याभिषेक शक घातलेला असतो.

आता पुढचं बघा. कागद अस्सल आहे की नक्कल? शेवटी निशाणी नांगर आहे का? पाटलाची निशाणी नांगराची असते. बलुतेदारांच्या निशाण्या आहेत का, देशमुख-देशपांड्यांच्या साक्षी आहेत का, अक्षर एकाच हाताचं आहे का? आणि हा कागद त्या वेळच्या सरकारी दप्तरात कुठे उमटलाय का? पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. १८५२ च्या कायद्यानंतर इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनपुढे लोकांनी आपापल्या वतनांच्या कैफियती दिल्या, तेही कागद शोधण्यासारखे आहेत. तुमच्या पणजोबांच्या आजोबांनी सरकारला काय सांगितलं होतं ते तिथे सापडू शकतं.

एक सावधगिरी. १७७५ मध्ये निम्मी पाटीलकी विकत घेतली एवढंच हा कागद सांगतो. तुमचा मूळपुरुष लढाईत नव्हता असं त्यात कुठेही नाही. तेव्हा कथेला खोटं ठरवायचीही घाई करू नका. कागद जेवढं बोलतो तेवढंच लिहा.

गावकूस

माझं मत वेगळं आहे, आणि ते मनापासून मांडतोय. पाटीलकीची वतनं १९६२ च्या कायद्याने संपली. त्या कागदाने आज कुणाला जमीन मिळणार नाही, कुणाची जाणार नाही. मग साधणार काय? आमच्या शेजारच्या गावात पालखीच्या मानावरून दोन भावक्यांत इतकं वितुष्ट आलं की पाच वर्षं यात्रा भरली नाही. कुणीतरी जुना कागद काढला होता, एवढंच निमित्त. तुमच्या चुलत्यांनी गावात आयुष्य काढलंय. त्यांना भीती वाटते ती खोटी नाही. इतिहासाचा कागद संशोधकांच्या अंकात छापा, देवळाच्या स्मरणिकेत कशाला?

कालगणना

गावकूस यांची काळजी मी हलकी समजत नाही. तरी एक प्रकरण सांगतो. तिथे दुखावण्याचा प्रश्न गावाएवढा नव्हता, अख्ख्या महाराष्ट्राएवढा होता.

शिवाजी महाराजांची जन्मतिथी. बखरींवरून चालत आलेली तिथी वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे एप्रिल १६२७. टिळकांनी शिवजयंतीचा उत्सव उभा केला, १८९६ ला रायगडावर लोक जमवले, तेव्हा सगळ्यांच्या मनात हेच साल होतं. पुढे भोर भागातल्या कारीच्या जेधे देशमुखांकडून टिळकांच्या हाती एक शकावली, म्हणजे सालवार घटनांची यादी, आली. त्यात जन्म दिलाय शके १५५१, शुक्लनाम संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शिवनेरीस. उत्सव ज्यांनी रुजवला त्यांच्याच हाती उत्सवाचं साल मोडणारा कागद आला, आणि त्यांनी तो १९१६ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे प्रसिद्ध करू दिला. मला टिळकांच्या अनेक कामांपेक्षा हे काम मोठं वाटतं.

पण एका कागदाने प्रश्न सुटला असं नाही, आणि सुटायलाही नको होता. शकावली कोरडी आहे, स्तुती नाही, वर्ष-तिथी-घटना एवढंच, म्हणून ती विश्वासाची वाटते. अफझलखानाच्या वधाची मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी, शके १५८१, ही तिथी तिच्यात नीट बसते. पण तिच्यातही काही नोंदी चुकलेल्या आहेत, आणि ते संशोधकांनी लपवलं नाही. मग दुसरा पुरावा आला कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातून. महाराजांच्या हयातीतलं संस्कृत काव्य, तिथेही फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. मग जोधपूरकडच्या कुंडल्यांच्या संग्रहातली कुंडली आली, तीही त्याच तिथीची. तीन कागद, तीन वेगळ्या ठिकाणचे, एकमेकांना न विचारता एकच सांगणारे. इथे पारडं फिरलं.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते १९२७ साल. त्या वर्षी जुन्या तिथीप्रमाणे महाराजांच्या जन्माचा त्रिशतसांवत्सरिक उत्सव झाला, आणि त्याच वर्षी शिवभारत छापून आलं. आत वेगळी तिथी. संपादक दिवेकरांनी उत्सवाचं वर्ष आहे म्हणून श्लोक मागे ठेवला नाही. पुढे १९६६ मध्ये शासनाने इतिहासकारांची समिती नेमली, तिच्यात एकमत झालं नाही. शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली २००१ मध्ये. शकावली छापल्यापासून पंच्याऐंशी वर्षं! आणि ही तारीख ज्युलियन पंचांगाची आहे, आजच्या हिशेबाने १ मार्च येते. म्हणून आजही काही जण तिथीने जयंती करतात, काही तारखेने. महाराजांचं त्यात काहीही कमी झालं नाही. उलट रांझ्याच्या पाटलाला बदअमलाबद्दल दिलेल्या शिक्षेचं २८ जानेवारी १६४६ चं पत्र घ्या. जुन्या सालाने तेव्हा महाराज अठरा उलटलेले, नव्याने सोळाही पूर्ण नाहीत. तीन वर्षांचा फरक पडला आणि तो पोरगा आणखी मोठा झाला.

कावेरीकाठचा

मी तंजावरच्या मराठी घरातला. घरात बोलतो ती मराठी तुम्हाला थोडी वेगळी लागेल, लिहिताना सांभाळतो. शिवभारताचं नाव निघालं म्हणून लिहावंसं वाटलं, कारण त्याची पोथी आमच्याकडच्या सरस्वती महाल ग्रंथालयातली. महाराष्ट्रातला वाद मिटवणारं बाड कावेरीच्या काठी पडून होतं याचा आम्हाला अभिमान आहे.

आमच्याच बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर मराठीत भोसले वंशाचं चरित्र कोरलंय, सरफोजी राजांनी १८०३ मध्ये कोरवलेलं. फार लांब शिलालेख आहे. लहानपणी आजोबा बोट लावून वाचून दाखवायचे. दगडात कोरलेलं म्हणजे ते खरंच असणार, असं मला तेव्हा वाटे. पुढे कळलं की राजाने स्वतःच्या घराण्याविषयी, स्वतःच्या चिटणिसाकडून, शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी लिहवून घेतलेल्या आहेत. तो लेख मोलाचाच आहे, पण १८०३ च्या दरबाराला आपला वंश कसा दिसावासा वाटत होता, यासाठी पहिल्यांदा मोलाचा. नीरथडी, तुमच्या वेशीवरचा फलक कुणी आणि कधी लावला, तेवढं बघून ठेवा.

सुभाषित

मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. वर जन्मतिथीचं उदाहरण आलं ते छान आहे, पण ते तुलनेने सोपं. तारीख बदलली तरी कुणाची प्रतिमा बदलत नाही. कठीण उदाहरण संभाजी महाराजांचं आहे. तिथे प्रामाणिकपणा दोन्ही बाजूंनी लागतो, आणि दोन्ही बाजूंनी अवघड जातो.

जवळपास दीडशे वर्षं मराठी माणसाच्या मनात संभाजीराजे म्हणजे व्यसनी, उतावळा, बापाचं राज्य घालवणारा मुलगा. नाटकांनी तेच दाखवलं. हे आलं कुठून? मोठा वाटा मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा. ती लिहिली गेली १८११ च्या सुमारास, राजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी. आणि लिहिणारा कोण? ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना संभाजीराजांनी १६८१ मध्ये देहान्त शिक्षा दिली, त्यांच्या वंशातला. इतकी साधी गोष्ट, लिहिणारा कोण आणि त्याचं घर कुठल्या बाजूला होतं, ही विचारायला आम्हाला किती काळ लागला! वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं या एका माणसावर घातली, देशोदेशींचे कागद गोळा केले आणि १९६० मध्ये चरित्र लिहिलं. पुढे कमल गोखले यांनी १९७१ मध्ये. त्यातून जो राजा दिसला तो नऊ वर्षं औरंगजेबाशी, सिद्दीशी, पोर्तुगीजांशी एकाच वेळी लढणारा होता, संस्कृत जाणणारा होता, आणि संगमेश्वरी पकडला गेल्यावर ११ मार्च १६८९ ला ज्या धैर्याने मृत्यूला सामोरा गेला ते शत्रूच्या लेखकांनाही झाकता आलं नाही.

हे वर्गात सांगताना माझा आवाज भरून येतो. लपवत नाही.

पण त्याच वर्गात मला पुढचं वाक्यही सांगावं लागतं. डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले. एप्रिल १६७९ मध्ये दिलेरखानाने स्वराज्यातला भूपाळगड घेतला, तिथल्या आपल्याच माणसांचे हाल झाले, आणि राजे तेव्हा खानाच्या छावणीत होते. सुमारे वर्षभराने ते परत आले. का गेले? घरातला वारशाचा तणाव, अष्टप्रधानांतल्या काहींशी बेबनाव, अशी कारणं अभ्यासक देतात. काही जण म्हणतात तो थोरल्या महाराजांचाच डाव होता. डाव होता असं म्हणायला समकालीन कागद हवा, आणि असा कागद कुणी पुढे ठेवलेला नाही. मी मुलांना तेवढंच सांगते.

एकदा एका पालकांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "मॅडम, हे सांगायची काय गरज होती?" मी म्हटलं, तुमचा मुलगा उद्या कॉलेजात जाईल. तिथे कुणीतरी त्याला ही गोष्ट कुत्सितपणे सांगेल. त्या दिवशी त्याला वाटेल की बाईंनी आपल्याला फसवलं, आणि मग मी सांगितलेलं सगळंच त्याला खोटं वाटेल, संगमेश्वरानंतरचं धैर्यसुद्धा. पालकांना पटलं की नाही मला कळलं नाही. ते नमस्कार करून गेले.

चिटणिसांची बखर एकतर्फी म्हणून बाजूला ठेवायची, आणि आपण लिहिताना दिलेरखान गाळायचा, तर आपणही बखरच लिहितोय. पिढी बदलली, बाजू बदलली, एवढाच फरक.

गावकूस

सुभाषितताई, तुमचा शेवटचा मुद्दा मला लागला. तरी माझी भीती गेलेली नाही. ५ जानेवारी २००४ ला मी पुण्यात शिकत होतो. भांडारकर संस्थेवर हल्ला झाला त्या संध्याकाळी त्या रस्त्याने गेलो होतो. फुटलेल्या काचा, फाटलेली पुस्तकं. तेव्हापासून मला वाटतं, इतिहास लिहिणं ही आपल्याकडे सुरक्षित गोष्ट राहिली नाही.

कालगणना

ती संध्याकाळ आठवणारे आपण बरेच आहोत. पण त्या प्रकरणाचा आधीचा भागही सांगायला हवा. एका परदेशी अभ्यासकाने जिजाऊंविषयी एक ओंगळ कुचाळकी, कुठल्याही कागदाचा आधार न देता, लोक विनोदाने बोलतात म्हणून पुस्तकात छापली. ही त्याची चूक होती, आणि ती बौद्धिक अप्रामाणिकपणाचीच चूक होती. पुण्यातल्या इतिहासकारांनी प्रकाशकाला लेखी कळवलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने भारतातून पुस्तक मागे घेतलं. आक्षेप घ्यायची रीत ती होती, आणि ती उपयोगी पडली होती. दीड महिन्याने झालेल्या हल्ल्यात नासधूस झाली ती त्या पुस्तकाशी काही संबंध नसलेल्या पोथ्यांची. आधाराशिवाय लिहिणारा आणि पोथ्या फाडणारा, दोघांनाही कागदाची किंमत नव्हती. आपण तिसरे आहोत, तिसरेच राहू या.

रुमाल_आणि_दौत

नीरथडी, गावकूस यांच्या पहिल्या प्रतिसादातली एक गोष्ट मला पटते. कागद थेट स्मरणिकेत वाचायला मिळाला तर त्या दुसऱ्या घराचीही पंचाईत होईल. त्यांच्या पूर्वजांच्या कर्जाची गोष्ट आहे ती. छापण्याआधी त्यांच्याकडे जा. त्यांना सांगणं तुमचं काम आहे, समितीचं नाही.

नीरथडी

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचे प्रतिसाद आबांना मोठ्याने वाचून दाखवले. तंजावरच्या भाऊंचं वाचून त्यांनी स्वतःहून सांगितलं की वेशीवरचा फलक १९७४ मध्ये लागला, राज्याभिषेकाच्या तीनशे वर्षांच्या वेळी. मजकूर त्यांच्याच थोरल्या भावाने, म्हणजे माझ्या वडिलांनी, रात्री बसून लिहिला होता. आधीचा कागद कुणी पाहिला नव्हता. हे मला माहीत नव्हतं.

रविवारी त्या घरी गेलो. थोरल्या काकू आणि त्यांचा मुलगा होता. खरेदीखताची छायाप्रत पुढे ठेवली आणि वाचून दाखवली, कर्जाची ओळही. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. काकूंनी मुलाला आत पाठवलं. तो पत्र्याच्या डब्यातून एक पुडकं घेऊन आला. त्यांच्या सासूबाई सांगायच्या, "हे जाळू नका, ह्यात आपला पहिला मान आहे." कुणाला वाचता येत नव्हतं. तीन पिढ्या नुसतं सांभाळलं. काकू म्हणाल्या, "आम्ही बोललो असतो तर कुणी खरं मानलं असतं का, भाऊ?"

मला उत्तर देता आलं नाही.

त्यांच्या कागदात वडीलपण राखून ठेवल्याचा करार आहे, एवढं लागलं. निशाणी नांगर दोन आहेत, शेजारी शेजारी. सुताराच्या आणि लोहाराच्या निशाण्याही आहेत.

स्मरणिकेसाठी आबांच्या संमतीने हा मजकूर लिहिलाय, चूक असेल तर सांगा : "पाटलांच्या घराण्याला पाटीलकी पराक्रमाबद्दल मिळाली अशी परंपरागत समजूत आहे, तिला आधार देणारा कागद अद्याप मिळालेला नाही. शके १६९७ च्या खरेदीखतानुसार या घराण्याने गावच्या मूळ पाटील घराण्याकडून निम्मी पाटीलकी विकत घेतली आणि वडीलपणाचा मान मूळ घराण्याकडे राहिला." कर्जाचा उल्लेख ठेवायचा की नाही हे काकूंवर सोडलंय. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते.

पोळ्याबद्दल आबा अजून काही बोललेले नाहीत.

एक शंका. त्यांच्या कागदाच्या शेवटी तिथी नाही. 'छ ८ रमजान' असं आहे. छ म्हणजे काय? आणि हा कागद त्याच वेळचा आहे हे कसं ठरवू?

रुमाल_आणि_दौत

छ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याचा दिवस. चंद्रदर्शनापासून मोजतात, म्हणून तिथीच्या एखाद-दोन दिवस मागे असतो. १७७५ मध्ये रमजान कार्तिकाबरोबर आला होता, म्हणजे छ ८ हा कार्तिक शुद्ध नवमी-दशमीच्या आसपासचा. तुमच्या खरेदीखतावर दशमी आहे. दोन्ही कागद बहुधा एकाच बैठकीतले.

मजकुरात एक बदल सुचवतो : 'मिळालेला नाही'च्या आधी 'आमच्या पाहण्यात' घाला. तुम्ही अजून पुराभिलेखागारात गेलेला नाहीत.

आणि त्यांच्या कागदाच्या मागच्या बाजूचा फोटो काढा, नीट उजेडात. पाठीवर कधी कधी शेरा असतो.